वाळवंटाचं शेड्यूल

चार महिने विचुंब्यात पावसाळा काढलेल्या माणसाला वाळवंटाची ओढ लागली तर त्यात नवल नाही. पनवेल भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरला दोनशेही धड नाही. गाढी नदी तुडुंब भरली, मिठाला पाणी सुटलं, कपाटातल्या पट्ट्याला पांढरी बुरशी धरली की घरात कोणीतरी म्हणतंच, “यंदा कुठेतरी कोरड्या ठिकाणी जाऊ.” आमच्याकडे हे वाक्य बाबा बोलले, म्हणजे ते अमलात येणार हे ठरलंच.

बाबा म्हणजे माझे सासरे. मूळ सोलापूरचे, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. घरातून कोणी बाहेर पडलं की ते “कुठे चाललात?” असं विचारत नाहीत, “परतीची वेळ?” असं विचारतात आणि सांगितलेली वेळ लिहून ठेवतात. अशा माणसाच्या हाती सहलीची आखणी गेली. जैसलमेरपर्यंतचे अकराशेहून जास्त किलोमीटर, अहमदाबादचा मुक्काम, बाडमेरचा मुक्काम हे त्यांनी एका संध्याकाळी उरकलं. खरा तंटा पेटला तो जैसलमेरच्या दिवसावर, कारण पुढची जोधपूरची खोली आधीच आरक्षित होती आणि तिचे पैसे परत मिळणार नव्हते. जैसलमेरला एकच दिवस. त्या दिवसाचं शेड्यूल बाबांनी सोसायटीच्या पाणीकपातीच्या नोटिशीच्या कोऱ्या पाठीवर आखायला घेतलं.

मागण्या मात्र सात जणांच्या होत्या. आईंना तनोटमातेची ओटी भरायची होती. खण-नारळ इथूनच न्यायचा, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. वाळवंटातला नारळ कसा निघेल याचा त्यांना भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक नव्हतं. बाबांना लोंगेवाला हवं होतं. १९९७ साली ‘बॉर्डर’ सिनेमा आला तेव्हापासून हवं होतं. लेकीला समच्या वाळूच्या टेकड्यांवर, उंटावर बसून, सूर्यास्त. नवव्या इयत्तेतल्या चिरंजीवांना अणुचाचणीचं पोखरण.

“अरे, तिथे बघायला काही नाही,” मी म्हटलं.

“अठ्ठ्याण्णवला सॅटेलाइटलासुद्धा काही दिसलं नव्हतं. म्हणून तर जायचं!”

पोखरण जोधपूरच्या वाटेवरच लागतं, त्यामुळे हा अर्ज परस्पर दुसऱ्या दिवसाकडे वर्ग झाला. मावशींना उंटावर बसायचं नव्हतं, पण उंट अगदी जवळून पाहायचा होता. कुलधरा गावही त्यांना हवं होतं. पालीवाल ब्राह्मणांनी दिवाण सालिमसिंगाच्या जाचाला कंटाळून एका रात्रीत हे गाव सोडलं अशी कथा आहे, आणि ओस गावात भुतं नसतील तर असतील कुठे? मात्र भुतं भर दुपारी आणि सगळे बरोबर असताना पाहायची, ही मावशींची अट.

नवऱ्याला किल्ला. रावळ जैसलने ११५६ साली वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे. आत लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात, दुकानं आहेत. आपल्याकडे किल्ला म्हणजे आधी धाप, मग पाण्याचं टाकं आणि शेवटी घरून नेलेली पोळी-भाजी. गाडी जवळपास दारापर्यंत जाते असा किल्ला कर्नाळा चढलेल्या माणसाला जरा अपमानास्पदच वाटतो.

राहिले मी. मला गडीसर तलावाच्या पायरीवर चहा घेऊन अर्धा तास बसायचं होतं. ही मागणी शेड्यूलमध्ये काही बसेना, कारण बाबांच्या लेखी नुसतं बसणं म्हणजे थांबा नव्हे, ब्रेकडाऊन.

शेवटी कागद तयार झाला तो असा: पाचला उठणे. सव्वापाच ते सात आंघोळी, माणशी पंधरा मिनिटं, कारण गरम पाणी येणारी न्हाणी एकच असणार हे बाबांनी अनुभवानं गृहीत धरलं होतं. सातला किल्ला, साडेआठला पटव्यांची हवेली (ही एक नव्हे, पाच भावांच्या पाच हवेल्या आहेत. बाबांनी एकाच हवेलीचा वेळ दिला होता), सव्वानऊला गडीसर, “उभ्या उभ्या”. मग तनोट, तिथून लोंगेवाला, परतताना कुलधरा, साडेसहाला समचा सूर्यास्त. प्रत्येक ठिकाणापुढे ‘आगमन’ आणि ‘निर्गमन’ असे दोन रकाने होते, आणि कडेला ‘शेरा’.

समोर नकाशा उघडलेला होता. सम जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर, तनोट बऱ्याच वर, वायव्येला, एकशेवीस. कुलधरा तर समच्याच रस्त्यावर. म्हणजे तनोटहून परत जैसलमेर गाठायचं आणि पुन्हा पश्चिमेला वळायचं. मी हे मांडलं. बाबा म्हणाले, “रस्ता मोकळा असतो. वाळवंटात सिग्नल नाही.” विचुंब्याहून पनवेल स्टेशन गाठताना रिक्षात जीव मुठीत धरून घड्याळ बघणाऱ्या आम्हा सगळ्यांना हा युक्तिवाद एकदम पटला. साडेसहाच्या सूर्यास्ताबद्दलही त्यांचं गणित तयार होतं: जैसलमेर आपल्या पश्चिमेला, म्हणजे तिथे सूर्य उशिरा मावळणार.

आम्ही गेलो डिसेंबरात, आणि डिसेंबरात हे गणित उलटतं. जैसलमेर नुसतं पश्चिमेला नाही, चांगलं उत्तरेलाही आहे. तिथला हिवाळ्यातला दिवस आपल्यापेक्षा अर्ध्या तासाने तोकडा. सूर्य उगवतो साडेसातच्या सुमारास आणि सहाच्या आसपास, म्हणजे पनवेलपेक्षाही थोडा आधीच, निघून जातो.

त्यामुळे सकाळी सातला बाबा मफलर बांधून, हातात कागद घेऊन हॉटेलच्या फाटकात उभे आणि समोर मिट्ट नसला तरी बऱ्यापैकी अंधार. किल्ला दिसेना. “लोंगेवाल्यालाही हीच अडचण होती,” बाबा म्हणाले. यात मात्र तथ्य होतं. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची तुकडी रणगाड्यांसमोर टिच्चून उभी राहिली ती उजाडेपर्यंत, कारण जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढायची सोय नव्हती. आम्हीही उजाडेपर्यंत टिच्चून उभे राहिलो, फाटकाशी, चहा पीत.

किल्ला झाला. हवेल्या रस्त्यावरून झाल्या. गडीसर गाडीच्या खिडकीतून झालं. तनोटला मात्र बाबांच्या हिशेबाप्रमाणे पोचलो, कारण रस्ता खरोखरच मोकळा होता. १९६५च्या युद्धातले न फुटलेले तोफगोळे तिथे मंदिरात मांडून ठेवलेत. पूजाअर्चा सीमा सुरक्षा दलाचे जवानच पाहतात. आईंनी ओटी भरली. लोक नवस बोलून रुमाल बांधतात. मावशींनी रुमाल काढला, पण काय मागावं हे ठरेना, म्हणून आधी बांधून ठेवला.

आणि तेवढ्यात चपलांपाशी उभा असलेला एक जवान मराठीत म्हणाला, “कुठले तुम्ही?”

तो बार्शीकडचा निघाला. बाबांचा चेहरा असा उजळला की मी गपचूप गाडीत जाऊन बसले. बार्शीची मुक्कामी गाडी, ती अजून सुटते का, पूर्वी तिच्यावर कोण चालक होता, वैरागला ती किती मिनिटं थांबायची, हे सगळं निघालं. चिरंजीवांनी आजोबांना दोनदा कागद दाखवला. आजोबांनी तो घडी करून खिशात घातला.

लोंगेवाला झालं, तेही सावकाश. तिथला रणगाडा बाबांनी फिरून फिरून पाहिला, त्याला हात लावला. रामगढ मागे पडलं तेव्हा ऊन सोनेरी झालं होतं आणि समला पोचणं शक्य नाही हे गाडीत सगळ्यांना कळलं होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. लेकीने मौन धरलं होतं. मग पवनचक्क्यांच्या रांगेमागे सूर्य खाली आला, नवऱ्याने गाडी कडेला घेतली आणि आम्ही रस्त्यावरच उतरलो. उंट नव्हता. एक मेंढपाळ होता, त्याची मेंढरं होती, आणि मावशींनी फोडलेला तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा होता. त्या दिवशी आम्ही सगळे कुठे बसलो असू तर तिथे.

रात्री बाबांनी कागद काढून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘सूर्य वेळेपूर्वी मार्गस्थ.’

तुम्ही जैसलमेरला जाणार असाल तर तनोट-लोंगेवाल्याला अख्खा वेगळा दिवस द्या, सम आणि कुलधरा एकाच दुपारी जोडा, डिसेंबरात सकाळी आठच्या आत कोणाला उठवू नका. आणि घरात एसटीतला कोणी असेल तर तनोटसाठी तासभर वाढीव धरा. तिथे आपल्याकडचा कोणीतरी भेटतोच.