स्कॅनरकाका

सोसायटीत कोणाच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की ही बातमी मालकाच्या बायकोच्या आधी स्कॅनरकाकांना लागते. कशी, ते विचारू नये. सदऱ्याच्या खिशातून ते एक निळं यंत्र काढतात, परवानगी न घेता ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी वाकतात आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात ते खुपसतात. मग चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल हातभर लांब धरून त्यावर उमटलेल्या दोषाच्या कोडचं वाचन.

काका बँकेतून निवृत्त झालेले. लोकांच्या खात्यांतल्या चुका काढण्यात उमेद गेली, आता लोकांच्या गाड्या आहेत. अमेरिकेने १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हे सॉकेट सक्तीचं केलं, हे ते अशा थाटात सांगतात की फाइल यांच्याच टेबलावरून गेली असावी. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसफायरिंग, पी-०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सगळं तोंडपाठ. नातवंडांचे वाढदिवस तेवढे काकूंना विचारावे लागतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांची गाडी जुनी, तेलावरच्या पॉवर स्टिअरिंगची. हल्लीच्या छोट्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर हात देते. हिच्यात इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबून पुढे ढकलतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण कापलं की पंपाचा भार इंजिनावर येतो. म्हणून तेलाच्या नळीवर एक सेन्सर असतो. दाब वाढला की तो संगणकाला कळवतो आणि संगणक आयडलिंग जरा चढवतो. हा निरोप पोचला नाही तर गाडी ऐन वळणावर मान टाकते. डॉक्टरांची रोज टाकायची, आणि तीही वॉचमनच्या खुर्चीसमोर.

काकांनी यंत्र खुपसलं. "पी-०५५२! पॉवर स्टिअरिंग प्रेशर सेन्सर सर्किट, लो इनपुट." मंगळ दिसल्यावर गुरुजींनी पत्रिका मिटावी तसा त्यांनी मोबाइल मिटला. "सेन्सर गेलाय, डॉक्टर. बदलून टाका."

त्या नावात सेन्सरच्या मागे सर्किटही होतं. म्हणजे वायर, कपलर, अर्थ, थेट संगणकापर्यंतची सगळी वाट. पण काकांचं निदान पहिल्या ओळखीच्या नामापाशी थांबतं. एरवी रोग्याला आधी तपासण्या करायला लावणाऱ्या डॉक्टरांनीही निमूट नवा सेन्सर आणून बसवला. जुना कोड काकांनी स्वतःच्या बोटाने पुसला. हे काम ते दुसऱ्याला करू देत नाहीत. दिवा गेला, काकांना चहा मिळाला. चौथ्या दिवशी दिवा परत, गाडी परत वॉचमनपुढे.

"माल डुप्लिकेट आहे," काका म्हणाले. "ओरिजिनल घाला."

डॉक्टरांनी त्याऐवजी कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावलं. त्याच्या मल्टिमीटरला चिकटपट्टी गुंडाळलेली होती, हे काकांनी लगेच टिपलं. त्याने कोड विचारलाच नाही. कधी बंद पडते, गरम झाल्यावर की थंड असताना, मध्ये कोणी बॉनेट उघडलं होतं का, हे मालकाला विचारलं. "अहो, कोड आहे ना आपल्याकडे!" काका कळवळले. पण तोवर त्याने तेलाची पातळी बघून सेन्सरचा कपलर काढला होता. तीन वायरी. चावी ऑन केल्यावर एकीवर पाच व्होल्ट, ठीक. दुसरी अर्थची, तीही ठीक. तिसरी सिग्नलची. ती बॉडीला कुठे लागत नाही ना, ते त्याने तपासलं आणि फ्यूज लावलेल्या तुकड्याने पाच व्होल्टची वायर तिला जोडली.

"काका, मोबाइलात प्रेशरचा आकडा बघा. चढला?"

"नाही... तळालाच आहे."

"मग नवा सेन्सर घालून काय होणार? निरोप वाटेतच मरतोय."

बॅटरीच्या ट्रेखाली उंदराने वायर कुरतडली होती. शेजारी शेंगांची टरफलं. सोसायटीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी शेंगा कोण खातं, हे सगळ्यांना माहीत होतं. बोललं कोणी नाही. वायरमनने डाग दिला, स्लीव्ह चढवली आणि गाडी दोन्हीकडे पूर्ण कापून दाखवली. इंजिन जराही दबलं नाही.

"म्हणजे मी म्हटलं तेच," काका म्हणाले. "पाच-पाच-दोन."

काकांची स्वतःची गाडी नवी, तिला काही होत नाही, हे त्यांचं खरं दुःख. रोज सकाळी ते तिला यंत्र लावतात, 'दोष नाही' वाचतात आणि पडेल चेहऱ्याने वर येतात. रोजचं वाकणं नको म्हणून त्यांनी यंत्र सॉकेटातच ठेवून दिलं आणि महिनाभर लेकीकडे नागपूरला गेले. चावी काढली तरी त्या सॉकेटात बॅटरीची वीज चालूच असते.

परतल्यावर गाडीने टकटकही केलं नाही. यंत्राचा दिवा बंद, मोबाइलवर 'कनेक्ट होत नाही'. वायरमन आला, मीटर टेकवला, "बॅटरी पार बसली," म्हणाला, आणि खाली वाकून निळं यंत्र उपटून काकांच्या हातात ठेवलं. "हे पीत होतं."

काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"ते असू दे. कोड कोणता?"