मंडईनंतरच्या गोठी

"मंडई सरली का माझा सीजन सुरू होते, वहिनी," आशाताई म्हणाली आणि वालाच्या शेंगा ओट्यात टाकत राहिली.

वेल तिचा, पण बांबूचं कुंपण दोघींचं. त्यामुळे माझ्या बाजूला लोंबलेल्या शेंगा माझ्या, असा आमचा अलिखित करार आहे. ती गावची आशा, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेची गावातली कार्यकर्ती. नाव वेगळंच आहे, पण आता सासूसुद्धा तिला आशाच म्हणते.

मंडईचा आणि तिच्या सीजनचा संबंध बाहेरच्यांना सांगावा लागेल. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या येतात, रात्री दहाला पडदा उघडतो तो कोंबडं आरवेपर्यंत. पंचक्रोशीतले पाहुणे, पाहुण्यांच्या पोरी, त्या पोरींच्या मैत्रिणी, सगळे एका मंडपात.

"मोठे मानसं नाटक पायतेत, अन् पोट्टेपोट्टी एकमेकाले पायतेत," ती म्हणाली. "मंग पंदरा-वीस दिवसानं कोनाची ना कोनाची मैत्रीन माझ्या दारात."

मैत्रीण हा शब्द नीट ऐका. आपल्याला काही झालंय असं इकडे कुणी कधी सांगत नाही. "ताई, माझ्या मैत्रिणीची पाळी चुकली" अशीच सुरुवात. आशाताईही पक्की. ती म्हणते, "तुझ्या मैत्रिनीले सांग, उद्या सकाळची पयली लघवी बाटलीत घेऊन ये." दुसऱ्या दिवशी मैत्रिणीची लघवी घेऊन मैत्रीण स्वतः येते. सरकारी 'निश्चय' पट्टी, दोन-चार थेंब, पाच मिनिटं. ती पाच मिनिटं पोरगी पट्टीकडे बघत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते. एक रेघ आली की पहिला प्रश्न: "म्हणजे मैत्रीण पास का नापास?"

"पन औंदा खरंच मैत्रिनीसाठी आलेली एक पोट्टी भेटली," ती कुंपणाला टेकून म्हणाली. म्हणजे आता खरी गोठ येणार. मी शेंगा तोडायचं सोडून दिलं.

पोरगी वीस वर्षांची, मूल गावच्या कॉलेजात जाते. तिच्या घोळक्यातल्या चौघी-पाचजणींची ती डॉक्टर. कुणाला काही झालं की तिलाच विचारायचं. डिग्री मोबाइलवरून घेतलेली. तिच्या औषधालयात कच्ची पपई होती, गुळाचा काढा होता आणि मेडिकलमधली 'बहात्तरची गोळी' होती. ती गोळी तिनं एका मैत्रिणीला आठव्या दिवशी दिली होती, आणि दुसरीला एकाच महिन्यात तीनदा.

"मग तू झापलंस का?"

"झापलं तं उद्यापासून येनार नाई, अन् बाकीच्या पोट्टींले पपईच चारन. मी चहा ठेवला."

हा चहा म्हणजे आशाताईचं खरं शिक्षण. तिनं त्या पोरीला समजावलं की ती गोळी बहात्तर तासांच्या आतली. जितकी लवकर घ्यावी तितकी बरी, आठव्या दिवशी घेतली तर पैसे पाण्यात. आधीच दिवस गेले असतील तर ती काही करत नाही, आणि आज घेतली म्हणून परवाची जोखीम टळत नाही. ती अडीअडचणीची गोळी आहे, रोजची नाही. रोजचं पाहिजे तर माला-एनची गोळी आहे. रोज लक्षात राहत नसेल तर छायाची गोळी: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तेही नको तर अंतराचं इंजेक्शन, तीन महिन्यांनी एक. "अन् ह्या समद्याईनं पोट थांबते, रोग नाई थांबत. रोगासाठी निरोधच. हे मी तिच्याकडून पाठ करून घेतलं, पाढ्यासारखं."

त्यातल्या एका मैत्रिणीनं मग छाया सुरू केली. रविवार-बुधवार. विसरू नये म्हणून ती घरच्या कॅलेंडरवर त्या तारखांना बारीक टिकली चिकटवते. आईला वाटतं, दुधाचा हिशेब आहे.

आम्ही दोघी इतक्या हसलो की मागच्या घरातली आजी काठी टेकत आली. आजी म्हणजे गावची जुनी सुईण. कानानं कमी ऐकते, पण असल्या गोष्टी तिला बरोबर ऐकू येतात.

"का झालं वो?"

झालेलं सांगितलं. आजीनं तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "ह्यात नवं का हाय? आमाले बी मैत्रिनीनंच सांगितलं होतं. मायनं कधी तोंड नाई उघडलं."

हे मला पटतं. भामरागड-एटापल्लीकडच्या माडियांच्या गोटुलाबद्दल, म्हणजे तरुण पोरापोरींच्या एकत्र जमायच्या घराबद्दल, बाहेरची माणसं डोळे मिचकावून बोलतात. एल्विन नावाच्या अभ्यासकानं १९४७ साली बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर जाडजूड पुस्तक लिहिलं, तेव्हापासून तर फारच. पण त्यातली साधी गोष्ट कुणी बघत नाही: मोठ्या पोरांनी लहान पोरांना शिकवायचं, ही तिथली रीत. गाणी, नाच, कामं आणि वागणं, सगळं. बाकीच्या समाजांतही मोठी पोरं लहानांना शिकवतातच, फक्त गोठ्यामागे आणि चुकीचं.

सरकारलाही हे उशिरा का होईना उमगलं. ७ जानेवारी २०१४ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात गावातल्याच पोरापोरींना 'साथिया' करायचं ठरलं. हजार वस्तीमागे चार, दोन मुलं, दोन मुली. कागदावर योजना उत्तम. पण साथिया म्हणून निवडली जाते ती वर्गातली शहाणी, वेणी घट्ट घालणारी मुलगी, आणि पोरी विचारायला जातात ती दुसरीच असते, असं माझं मत आहे. ती दुसरी शोधायला आशाताईसारखी बाई लागते.

"तुमची ती गडचिरोलीची डॉक्टरीनबाई," आजी मध्येच म्हणाली, "ते बी असंच इचारत फिरे ना?"

आजीची डॉक्टरीणबाई म्हणजे राणी बंग. चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला १९८२ला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत अभय आणि राणी बंग तिथे येऊन 'सर्च' ही संस्था उभी करून बसले. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना गर्भाशयाचा, अंगावरून जाण्याचा, पाळीचा असा कोणता ना कोणता आजार होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. १९८९ला 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि जगभरचे लोक दचकले. तोवर खेड्यातली बाई म्हटलं की सगळ्यांना फक्त तिचं बाळंतपण आणि तिचं ऑपरेशन दिसायचं.

"हे मोजाले अमेरिकेतून शिकून यावं लागते का?" आजी. "आमाले इचारलं असतं तं आमी बसल्याजागी सांगितलं असतं."

"विचारलं ना आजी, बायकांनाच विचारलं. त्याचं 'कानोसा' म्हणून पुस्तक आहे."

"मंग बराबर," आजी म्हणाली, आणि ९२ टक्क्यांवर तिची सही झाली.

त्याच राणीताईंनी पुढे वयात आलेल्या पोरापोरींसाठी 'तारुण्यभान' सुरू केलं. शरीर, पाळी, प्रेम, संबंध, गर्भनिरोधक, सगळं मोकळेपणी. असल्या शिबिरांत नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायची सोय असली की खरे प्रश्न बाहेर येतात. आमचे सर, म्हणजे माझे यजमान, शाळेत शिकवत असताना एकदा त्यांनीही वर्गात डबा ठेवला होता. मुलींच्या चिठ्ठ्या पाळीच्या आणि पांढरं जाण्याच्या. मुलांच्या जवळजवळ सगळ्या एकच: धातू जाते, अशक्तपणा येईल का, लग्न करता येईल का. सरांनी चिठ्ठ्या घरी आणल्या, मला वाचून दाखवल्या, आणि उत्तरं द्यायला गावच्या डॉक्टरला बोलावलं. स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले.

"पोट्ट्याईचे हाल जास्त हायत," आशाताई म्हणाली. "पोट्टी माझ्याकडे तरी येते. पोट्टे बसस्टँडच्या भिंतीवरचा नंबर फिरवतेत." गुप्तरोग, शर्तिया इलाज, तीन हजाराचा कोर्स. एका पोरानं तेंदूपत्त्याची अख्खी मजुरी असल्या कोर्समध्ये घातली. आजार काय? झोपेत चड्डी ओली होते. त्या वयात सगळ्यांचीच होते, एवढं एक वाक्य त्याला शेजारच्या दादानं फुकट सांगितलं असतं तर मजुरी वाचली असती. पण दादाही तोच नंबर फिरवून बसलेला.

मी तिला र. धों. कर्व्यांचं सांगितलं. १९२७ला त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं, त्यात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे. १९३४ला त्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांची वकिली केली बाबासाहेब आंबेडकरांनी.

आशाताईचा हात शेंगेवरच थांबला. "आपल्या बाबासाहेबाईनं?"

"हो. हरले तो खटला. पण उभे राहिले."

तिच्या सासऱ्यांनी १६ ऑक्टोबर १९५६ला चांद्याला बाबासाहेबांच्या हजेरीत धम्मदीक्षा घेतलेली, घरात त्या दिवसाचा फोटो आहे. "हे मले आशाच्या ट्रेनिंगमदी काहून नाई सांगितलं?" ती खरंच चिडली होती. "मी निरोधचं पाकीट पदराखाली झाकून नेतो, अन् बाबासाहेब कोर्टात उभे!"

२०११ला आशांनी ही साधनं घरपोच द्यायची योजना आली, तेव्हा तीन निरोधचं पाकीट एक रुपया, माला-एनचं एक रुपया, अडचणीची गोळी दोन रुपये असा दर होता. पाकीट देणं सोपं होतं. रुपया मागायलाच तिला घाम फुटायचा, कारण रुपया मागितला की देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही कळायचं की काय चाललंय.

मग ती हळू आवाजात दुसऱ्या गोठीवर आली. आमच्या भागात सिकलसेल, हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, घरोघरी. तपासणी झाली की कार्ड मिळतं: निरोग्याला पांढरं, वाहकाला पिवळं, रुग्णाला लाल. गावातल्या एका जोडीचं जमलं होतं, घरचेही मानले होते, पत्रिका जुळली होती. त्या वीस वर्षांच्या 'डॉक्टर' पोरीनंच मैत्रिणीला विचारलं, "तुम्हा दोघांची कार्डं कोणत्या रंगाची?" दोघांची पिवळी निघाली.

"मंग?"

"मंग मी त्याईले बसवलं. म्हटलं, दरखेपी चारात एक लेकरू लाल निघाची पाळी येऊ शकते. लगन करू नका असं मी नाई म्हटलं, वहिनी. ते सांगनारी मी कोन? पोटात असतानाच तपासता येते, पन लवकर जा लागते, चौथा-पाचवा महिना लागल्यावर नाई, हे सांगितलं. पोट्टा रडला. पोट्टी म्हने, तोवर पाळना लांबवू, का लावू ते सांगा."

लाल कार्डवाल्या मुलीनं तर कुठलीही गोळी किंवा इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरला सिकलचं सांगायलाच पाहिजे, हेही आशाताईनं त्या पोरीकडून पाढ्यात घालून घेतलंय. पत्रिका पाहणाऱ्या गुरुजींना या पाढ्यातलं काही येत नाही आणि त्यांची दक्षिणा मात्र चालू आहे.

सगळंच काही चहावर भागत नाही. त्या पोरीला आशाताईनं एक गोष्ट बजावून ठेवलीय: पोट राहिलं असेल तर तू काही द्यायचं नाही, मेडिकलमधली पाडायची गोळी तर अजिबात नाही; रक्त थांबलं नाही तर पोरगी जाते. थेट घेऊन यायचं. गर्भपाताचा कायदा १९७१चा, २०२१ला सुधारला, आणि २०२२ला सुप्रीम कोर्टानं लग्न न झालेल्या बाईलाही तोच हक्क आहे असं सांगितलं. अठरा पूर्ण असली तर तिची एकटीची सही पुरते. नवरा नको, बाप नको. अठराच्या आत असेल तर पालक लागतात आणि पोक्सोचा कायदा लागतो, मग पोरगं तुरुंगाच्या भीतीनं पळतं आणि पोरगी भोंदूकडे. त्याच निकालात कोर्टानं एवढं मात्र केलं की अशा मुलीनं आणि तिच्या पालकानं विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना तिचं नाव देण्याची गरज नाही. हे नाव न देण्याचं किती दवाखान्यांपर्यंत पोचलंय, यावर आशाताईनं फक्त नाक उडवलं.

"वहिनी, मंगळवारी रिकाम्या हाव का?" तिनं ओटा सावरला. "मूलच्या दवाखान्यात दोघी पोट्टींले न्यायचं हाय. एकीची तपासनी, एकीचं इंजेक्शन. मी एकटी नेली का एसटीतले समदे समजतेत. संगं मास्तरीनबाई असली तं कोनी बोलत नाई."

"येते. पण गावात काय सांगायचं, कुठे चाललो?"

"डोळे तपासाले."

"डोळ्यांचं मागच्या वेळी सांगितलं होतं. सरपंचबाई विचारत होत्या, चष्मा लागला का म्हणून."

"मंग दात सांगा," आशाताई म्हणाली.

"मी बी येतो," आजी म्हणाली. "माझे दात तं खरंच गेले हायत."