खांद्यावरचं वेल्डिंग

घरासाठी वेल्डिंग मशीन घ्यायचा विचार एकदा डोक्यात शिरला, की माणसाला आधी घरातलं सगळं मोडकं दिसायला लागतं. जे गेट वर्षानुवर्षं जरा उचलून ढकलायची सवय झालेली, त्याची बिजागरी अचानक बघवत नाही. टाकीखालचा स्टँड, पंपाच्या खोलीचं दार, तीन पायांवर तोल सांभाळणारी लोखंडी खुर्ची, सगळी मंडळी रांग लावतात. आमच्या धसई गावात या रांगेला पावसाचाही वशिला असतो. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस पत्रा, गज, अँगल कशाचीच भीड ठेवत नाही. चार महिन्यांत गंज असा धरतो की दिवाळीला रंगाचा हात मारून भागत नाही.

गावात वेल्डिंगवाले नाहीत असं नाही. आहेत, आणि त्यांचे हात चांगले आहेत. पण एका बिजागरीसाठी कोण दुकान टाकून येणार? मे महिन्यात तर निम्म्या गावाला पावसाआधी शेड हवी असते. ‘उद्या येतो’ हे ते मनापासून म्हणतात. उद्याही मनापासूनच म्हणतात.

आता मशीन कुठलं? रॉडचं मशीन स्वस्त आणि दणकट. जाड लोखंडावर त्याच्यासारखं काही नाही. पण घरात मोडतं ते पातळ. खुर्चीचा पाइप जेमतेम मिलिमीटरभर. तिथे नवशिक्याने रॉड टेकवला की एक तर तो चिकटून बसतो, नाही तर सांधायच्या जागी भोक पडतं. मिगमध्ये, म्हणजे तारेच्या मशीनमध्ये, रॉड धरायची भानगड नाही. मशीनमधल्या रिळावरची तार टॉर्चच्या तोंडातून आपणहून येत राहते, आपण खटका दाबायचा आणि हात सरकवायचा. हे मी घरी समजावून सांगितलं तेव्हा ही म्हणाली, “तार आपणहून येते, ती आपणहून वितळते. मग तुमचं काम काय?” प्रश्न बिनतोड होता. मी काच घालतो, असं उत्तर दिलं.

तार आपोआप सोडत वेल्डिंग करायची ही युक्ती 1948 साली अमेरिकेत बॅटेल नावाच्या संशोधन संस्थेत निघाली, तीही ॲल्युमिनियमसाठी. लोखंडाला परवडावी म्हणून कार्बन डायऑक्साइड वायू तिच्यात आला तो 1953 मध्ये. कारखान्यातून ती घराच्या पडवीपर्यंत उतरायला बराच काळ गेला, कारण जुनी मशीनं उचलायलाच चार माणसं लागत. 50 हर्ट्झच्या विजेवर चालणारा ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांब्याचा ढीगच. नव्या मशीनमधल्या इन्व्हर्टर सर्किटने काय केलं, तर आधी वीज सरळ करून घेतली, मग सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट केली. एवढ्या वेगाला ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा पुरतो. म्हणून आज मशीनला पट्टा येतो आणि ते खांद्याला लावून शिडीवर चढता येतं.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर अशी मशीनं दुकानोदुकानी ओळीने मांडलेली दिसतात. प्रत्येकावर मोठ्या आकड्यात 200 लिहिलेलं. हा आकडा फार मनावर घेऊ नये. 2016 च्या 1 डिसेंबरला धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव झालं, दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली, तेव्हापासून इथल्या माणसाला एक पक्कं ठाऊक आहे: यंत्र कितीही देखणं असो, त्याला मागून पुरवठा लागतो. त्याला रेंज, याला व्होल्टेज. 200 अँपिअरला ठिणगीपाशी 24 व्होल्ट लागतात, म्हणजे जवळजवळ पाच किलोवॅट. वर मशीनचं स्वतःचं खाणं वेगळं. घरातला मोठा प्लग 16 अँपिअरचा, त्यातून साडेतीन किलोवॅटच्या पुढे जाऊ नये. तेव्हा ते दोनशे स्टिकरवरच राहणार. त्याचं दुःख नको. तीन मिलिमीटरच्या अँगलला शंभरसव्वाशे पुष्कळ झाले.

ड्यूटी सायकलचंही तसंच. साठ टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती. घरच्या वेल्डरला वीस टक्केही जास्त होतात. उरलेला वेळ चिमटा कुठे ठेवला ते शोधण्यात जातो.

खरा निर्णय वायूचा. वायूच्या बाटल्याने डाग स्वच्छ पडतो, खपली काढावी लागत नाही. पण हा वायू ठिणगीभोवती नुसता तरंगत असतो, जरा वारं सुटलं की निघून जातो आणि डागात बारीक छिद्रं राहतात. बंद खोलीत ठीक. आमचं काम अंगणात, आणि जून-जुलैत अंगणातलं वारं छत्री उलटी करतं. शिवाय संपलेला बाटला भरायला न्यायचा कोणी? म्हणून मी बिनवायूच्या तारेकडे झुकलो. तिच्या पोटात पावडर भरलेली असते, ती जळून आपला वायू आपणच करते. धूर होतो, दाणे उडतात, वर खपली धरते ती हातोडीने ठोकून काढायची. तरी 0.8 मिलिमीटरच्या तारेचं किलोचं रीळ एका हातात येतं, हे सुख मोठं.

एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. मशीनचं झाकण उघडलं की रिळाशेजारी दोन पितळी बोल्ट दिसतात, एकावर अधिक, एकावर उणे. वायूवाल्या तारेला टॉर्च अधिकला लागतो, या पावडरच्या तारेला उणेला. हे उलटं राहिलं की तार नुसती थुंकते. बोल्टवरच्या पट्ट्या बदलल्या आणि टोक कामापासून बोटभर वर धरलं, की आवाजच पालटतो, कढईत भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा तडतडाट. तो ऐकू आला की बघायचीही गरज नाही.

अर्थात, बघायचं ते काचेतूनच! काचेत काटकसर नको. दहा-अकरा नंबरची, ठिणगी पडताक्षणी आपोआप काळी होणारी मिळते. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत रात्री वाळू घातल्यासारखं होतं, आणि मग घराघरांतून बटाट्याच्या कापांचा सल्ला येतो. झिंक चढवलेला पाइप आधी घासून घ्यावा आणि तो धूर छातीत घेऊ नये. त्याने थंडी वाजून ताप भरतो.

आपण वेल्डिंग करतोय हे मात्र लपत नाही. खटका दाबला की आमचा दिवा मंदावतो, आणि एकाच वायरीवरच्या शेजारचाही. दुसऱ्यांदा मंदावेपर्यंत कोणीतरी कुंपणाशी येतंच. “काका, आलं वाटतं मशीन?” जुन्या जाडजूड मशीनचा एक गुण तेव्हा कळतो. ते कोणी मागायला येत नसे. खांद्याला लावता येणारं मशीन खांद्याला लावूनच निघून जातं. पहिल्यांदा भाताच्या मळणीयंत्राची जाळी, मग कुणाची बाज, मग कुणाच्या लग्नाच्या मांडवाची कमान. खुर्ची अजून तीन पायांवर आहे.

परवा त्याच मशीनचा फोन आला, म्हणजे ज्याच्याकडे ते गेलंय त्याचा.

“काका, तार संपली. कुठली आणू?”

“पॉइंट आठची. बिनवायूची सांग.”

“दुकानात उभाच आहे. तेवढे पैसे तुम्हीच ऑनलाइन टाकता का? माझ्या मोबाइलला रेंज नाही.”