मुक्काम पोस्ट धुकं

बेळगावकराला थंड हवेच्या ठिकाणी जायची खरं म्हणजे काही गरज नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आणि आंबोली ६९० मीटरवर. म्हणजे माझ्यासारखा शहापूरचा माणूस आंबोलीला निघाला, की हिशेबानं तो उतरत असतो. पण हा हिशेब घरात मांडायची सोय नाही. ‘आम्ही डोंगरावर चाललोय’ असं एकदा सौ.नं शेजारीपाजारी सांगितलं, की डोंगर कितीही खाली असला तरी चढावाच लागतो.

त्यातून मी अस्सल शहापूरकर. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात, बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. संस्थान १९४८ साली विलीन झालं, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांना कुणी ते नीट सांगितलेलं दिसत नाही. कपिलेश्वरापाशी रूळ ओलांडायचे असले तरी ती ‘बेळगावला जाऊन येतो’ म्हणून स्वच्छ धोतर नेसतात. अशा गावातला माणूस लांबचा प्रवास आखायला बसला, की नकाशाची काही धडगत नसते.

आंबोलीत माझा कॉलेजातला मित्र नोकरीच्या निमित्तानं गेला आणि तिथलाच झाला. शहापुराहून चंदगडच्या बाजूनं गेलं तर सकाळचा चहा घेऊन निघावं आणि दहाचा चहा त्याच्याकडे घ्यावा, एवढंच अंतर. पण इतक्या लवकर पोचलो तर तो प्रवास कसला? म्हणून मी मोठा फेरा आखला. आधी उत्तरेला निपाणी, मग देवगड-निपाणी रस्त्यानं मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर. फोंडा घाट उतरून कणकवली, मालवण, सावंतवाडी. आणि शेवटी घाट चढून आंबोली. ‘पश्चिमेला जायला उत्तरेला कशाला?’ असं सौ.नं विचारलं. निपाणीत आमचा दुसरा मित्र राहतो आणि तो पेट्रोलचे अर्धे पैसे देणार होता. दिशा ठरवायला होकायंत्रापेक्षा हे साधन जास्त खात्रीचं.

निपाणीकराचा जन्म तंबाखूच्या पेठेतला. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणारे शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले, तेव्हा हा तिथे भाकऱ्या पोचवायला जायचा. तो विषय निघाला की त्याची थट्टा करायची नाही, हे आमच्यात ठरलेलं. बाकी वेळी मात्र तो थट्टेलाच जन्मलेला आहे. जगातल्या कुठल्याही अडचणीवर तंबाखू हा उपाय आहे अशी त्याची श्रद्धा. मी तंबाखू खात नाही, आणि न खाणाऱ्याला असतो तेवढा अहंकार मला आहे.

आंबोलीकरासाठी आम्ही शहापुरातून कुंद्याचा डबा घेतला होता. राधानगरीला धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले पाहिले, दाजीपूरला न दिसलेल्या गव्यांबद्दल बराच वेळ बोललो, मालवणात घाम पुसला. पण सगळं लक्ष कुंद्यावर. कारण मागच्या सीटवर डबा आणि निपाणीकर शेजारी शेजारी बसले होते. मालवणच्या उकाड्यात मी तो डबा लॉजच्या पंख्याखाली ठेवला आणि स्वतः खिडकीपाशी झोपलो.

सावंतवाडी सोडून दाणोलीच्या पुढे घाट लागला आणि अंधारही. पाऊस असा, की आकाश आणि रस्ता यांच्यात वेगळं काही उरलंच नव्हतं. त्यात वायपरनं मान टाकली. “थांबीव गाडी,” निपाणीकर म्हणाला. उतरला, चंचीतून चिमूटभर तंबाखू काढून ओली केली आणि पूर्ण काचेवर चोळली. “हे असलं काही चालत नाही,” मी म्हणालो. चाललं. पाणी काचेवर न साठता सरळ ओघळायला लागलं, रस्ता दिसायला लागला. शिंकत शिंकत आम्ही वर पोचलो. वर धुकं होतं. धुक्यावर तंबाखू चालत नाही हे मी निपाणीकराला मुद्दाम ऐकवलं. तेवढाच आधार होता.

आंबोलीकरानं फोनवर खूण सांगितली होती: देवळाच्या पुढे कौलारू घर, दारात फणस, पुढच्या बाजूला निळी ताडपत्री. नंतर फोनची रेंज गेली. आंबोलीत पावसाळ्यात बहुतेक घरांना झडीसाठी ताडपत्री लावलेली असते आणि फणस कुणाच्या दारात नसतो? पण मला असल्या शंका येत नाहीत. फणस दिसला, गाडी लावली, दार वाजवलं.

एका आजींनी दार उघडलं. “इलात? येवा, येवा. भिजलात मां?”

आमच्या मित्राची सासू मालवणी बोलते हे आम्हाला ठाऊक होतं. मी वाकून नमस्कार केला. आजींनी टॉवेल दिले, आजोबांनी खुर्च्या ओढल्या, चहा आला. “तो कुठे गेलाय?” मी विचारलं. “येतलो आता,” आजोबा म्हणाले. मग मी मोठ्या ऐटीत कुंद्याचा डबा आजींच्या हातात ठेवला. “खास तुमच्यासाठी, शहापूरहून.” आजींना भरून आलं. डबा तिथल्या तिथे उघडला. निपाणीकरानं दुसरा चहा मागून घेतला आणि बटाटेपोह्यांचं नाव काढलं. पोहे आले.

ताटल्या रिकाम्या होत असताना त्यांचा मुलगा घरी आला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं. “हे कोण?”

“म्हणजे? तुजे दोस्त न्हय?” आजोबा म्हणाले. “माका वाटला, तुज्याकडे इलेत.”

दिलेला कुंदा परत मागायची रीत शहापुरात अजून निघालेली नाही. सौ.नं मला कोपरानं ढोसलं, ते ‘मागा’ म्हणून की ‘मागू नका’ म्हणून, हे मी आजवर विचारलेलं नाही. “डबा तेवढा तरी घेऊ की,” निपाणीकर माझ्या कानात म्हणाला. आम्ही रिकाम्या हातांनी आणि भरल्या पोटांनी बाहेर पडलो. आमचा खरा यजमान पलीकडच्या वळणावर छत्री आणि बॅटरी घेऊन आमची वाट बघत केव्हापासून भिजत उभा होता. “कुठं होतात रे?” म्हणाला. “पोहे खाऊलालो होतो,” निपाणीकरानं खरं ते सांगून टाकलं.

घरात शिरल्याबरोबर मी म्हणालो, “वहिनी, आमचं काही विशेष करू नका.” वहिनींनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून काडेपेटी बाहेर काढली. ती तिथेच जरा कोरडी राहते. काही काड्यांचे गूल नुसतेच निघून आले, मग एक पेटली. मिठाच्या बरणीतून त्यांनी चमच्यानं जे काढलं ते ओतावं लागत होतं. आंबोलीत वर्षाला सातशे सेंटिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तो स्वयंपाकघरातही पडतो हे पुस्तकात नव्हतं. अशा चुलीवर त्या बाईंनी कुळथाची पिठी आणि भात केला. विशेष काही नको म्हणणाऱ्या मी फक्त पापड मागितला. पापड भाजला गेला, पण ताटात येईपर्यंत त्याची चपाती झाली होती. झोपताना गोधडी मिळाली. आधी आपण तिला ऊब द्यायची, मग पहाटेच्या सुमाराला ती आपल्याला देते.

सकाळी कावळेसाद. दरीतून वर येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं फेकतो, हलकी वस्तू टाकली तरी परत येते, असं सांगतात. मी शास्त्रीय प्रयोग म्हणून टोपी भिरकावली. पाणी परत आलं, सगळं माझ्या अंगावर. टोपी आली नाही.

मग हिरण्यकेशीच्या उगमाला निघालो. निपाणीकरानं तंबाखूचं पाणी पिंढऱ्यांना चोळलं. “जळवा लागत नाहीत. घे.” मी तत्त्वाचा माणूस, घेतलं नाही. उगमापाशी उभा राहून मी सगळ्यांना माहिती दिली, की ही नदी इथून आजऱ्याकडे आणि पुढे आपल्या संकेश्वराला जाते, आणि २०२० साली इथे सापडलेल्या इवल्याशा माशाला याच नदीचं नाव दिलंय. जळवांनी ती माहिती फार जवळून ऐकली. पायमोजे काढले तेव्हा आंबोलीकरानं त्या मोजायला घेतल्या आणि मध्येच सोडून दिल्या. निपाणीकराच्या पायावर एकही नव्हती. तो काही बोलला नाही, नुसती चंची पुढे केली. यालाच मी माजोरीपणा म्हणतो.

परतलो तर शेजारच्या आजींनी वाटी पाठवलेली. वर वाटीनं झाकलेला आमचाच कुंदा. निरोप असा: “तुमच्याकडे बेळगावचे पाहुणे आलेत, त्यांना द्या. बिचाऱ्यांना गावची आठवण येत असेल.” आंबोलीकर खूश. “बघ, बेळगावचा कुंदा आता इथेही मिळतो,” म्हणाला. वाटी आमच्यासमोर ठेवली आणि स्वतः, पाहुण्यांचा मान म्हणून, एक कणही खाल्ला नाही.

निघताना त्यानं सहज विचारलं, “शहापुरात मधून मधून ऊन पडतं ना रे?” मी गावाच्या अभिमानानं “पडतं की!” म्हणालो. पाच मिनिटांत गाडीची डिकी गोधड्या, चादरी, सतरंज्यांनी भरली आणि मागची सीटही. निपाणीकराला जागा उरली नाही. त्याला आजरा-गडहिंग्लज वाटेच्या एसटीत बसवावं लागलं. पेट्रोलच्या हिशेबातून त्यानं तिकिटाचे पैसे कापून घेतले.

आता आमच्या गच्चीवर आंबोली वाळत पडली आहे. शहापुरातही नेमकी रिपरिप लागली आहे, त्यामुळे आम्ही ती दिवसातून अनेकदा आत-बाहेर करतो. काल आंबोलीकराचा फोन आला. गोधड्या न्यायला तो सहकुटुंब येतोय, थोडे दिवस राहील, आणि शेजारच्या आजी-आजोबांनाही आणतोय. तुमची ओळख आहेच म्हणाले.

“आमचं काही विशेष करू नकोस,” तो म्हणाला. “फक्त कुंदा ताजा आणून ठेव. मागचा थोडा शिळा लागला, म्हणाल्या आजी.”