साडेतीन ते साडेपाच

पुरुषाला घराबाहेर पडायला कारण लागत नाही. ‘जरा जाऊन येतो’ म्हणून तो चपला सरकवतो. कुठे, कशाला, किती वेळ, कुणी विचारत नाही. नाक्यावर उभं राहून दोन तास महापालिकेचा उद्धार करण्याला ‘नागरी समस्या गट’ असं नाव द्यावं, असं आजवर एकाही गृहस्थाला वाटलेलं नाही. बाईला मात्र कारण लागतं. सात्त्विक असलं तर उत्तमच, निदान उपयोगाचं तरी हवं. हल्ली घरचे विचारत नाहीत, हे खरं. पण सवय अशी की कुणी न विचारताच आपण दारातून सांगतो, ‘भजनाला जाऊन येते हं, आमटी झाकून ठेवलीय.’

आमच्या डोंबिवलीच्या महिला मंडळात एवढे गट का, याचं उत्तर मला इथे सापडतं. भजन गट, वाचन गट, मंगळागौर गट, पाककला, योगासनं, सहल, भिशी आणि अलीकडे सुनांच्या नाकावर टिच्चून निघालेला ‘मोबाइल शिका’ गट. बाहेरच्याला वाटावं, केवढा हा पसारा! प्रत्यक्षात सगळीकडे त्याच बायका. सोमवारी टाळ घेऊन बसलेल्या काकू बुधवारी पुस्तक घेऊन येतात आणि शुक्रवारी खांडवीचा डबा. प्रत्येक गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र वेगळा. त्यामुळे एकच सुप्रभात, एकाच बाईकडून, त्याच जास्वंदीच्या फुलासह सकाळी पाच वेळा होते.

सगळ्या गटांची वेळही एकच, दुपारी साडेतीन ते साडेपाच. जेवणाची भांडी आवरलेली असतात, नातवंडं शाळेतून यायची असतात, आणि ‘यांचा’ चहा व्हायला अवकाश असतो. एवढीच फट. सगळ्या चळवळी, कला आणि अध्यात्म या दोन तासांत बसवायचं. पाच वाजून वीस मिनिटांनी भैरवी सुरू झाली नाही, तर मागच्या रांगेतल्या पिशव्या हलायला लागतात.

भजन गट मंडळातला सगळ्यात जुना, म्हणून सगळ्यात मानी. गणपतीच्या देवळामागच्या हॉलमध्ये सतरंजी पडते, पेटी उघडते आणि पहिला वाद सुरू होतो तो पट्टीचा. गट सुरू झाला तेव्हा बायका काळी पाचमध्ये गायच्या, असं जुन्या सभासद सांगतात. पुढे काळी चार झाली. आता पांढरी पाच. दर खेपेला बदल ‘पेटीला तीच पट्टी छान वाटते’ म्हणून झाला. आपला आवाज खाली आला, असं इतिवृत्तात कुठेही नोंदलेलं नाही. सुरुवातीच्या रूपाच्या अभंगाला सगळ्यांचा आवाज दबकत असतो. गौळण आली की मात्र सत्तरीच्या बायकांच्या मानाही अशा काही वळतात, की देवळातला पुजारी दारातून डोकावून जातो.

भजनाच्या स्पर्धेत परीक्षक सूर, ताल, पाठांतर आणि सांघिकता यांना गुण देतात. आम्ही सर्वांत जास्त वेळ साडीला देतो. एका वर्षी सगळ्यांनी मोरपंखी नेसायचं ठरलं. त्या दिवशी रंगमंचावर हिरवा, निळा, रामा, आनंदी आणि जवळजवळ जांभळा असे सगळे रंग हजर होते आणि प्रत्येकीचं ठाम मत, की माझाच खरा मोरपंखी. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परतीच्या रिक्षात सूर कुणाचा गेला यावर अवाक्षर निघालं नाही.

मंगळागौर गट हा आमचा कमावता गट. पूर्वी नव्या नवरीच्या घरी श्रावणातल्या मंगळवारी पूजा व्हायची आणि रात्री जागरण. आत्या, मावश्या, मामेबहिणी मिळून झिम्मा, पिंगा, फुगड्या घालायच्या. आता मावशी पुण्यात, बहीण बंगळुरूत, आणि नवरीला सकाळी नऊला मीटिंग. मग आमच्या गटाला सुपारी येते. शिवलेली नऊवारी, नथ, चंद्रकोर आणि साडीच्या आत नी-कॅप, असा जामानिमा करून आमच्या पंधरा जणी हॉलवर पोचतात. सरासरी वय साठीच्या आसपास. लाट्या, सूप, कोंबडा, बसफुगडी सगळं दणक्यात होतं. डॉक्टरांनी मांडी घालून बसू नका म्हणून बजावलंय, पण फुगडीबद्दल ते काही बोलले नाहीत, असं आमच्या गटप्रमुख सांगतात. त्यांनी विचारलं नसावं.

यातली खरी गंमत गाण्यांत आहे. मंगळागौर, भोंडला, सगळीकडे सासूची, जावेची आणि नणंदेची यथेच्छ निंदा. ही गाणी रचणाऱ्या पोरी सासुरवाशिणी होत्या, त्यांना तेवढीच जागा होती बोलायला. आता ती म्हणणाऱ्या आम्ही सगळ्या सासवा. जिच्यासाठी म्हणतो ती सून खुर्चीवर बसून आमचा व्हिडिओ काढते आणि म्हणते, ‘काकू, सो क्यूट!’

वाचन गटाबद्दल थोडं जपून लिहायला हवं, कारण हा लेख त्याच वाचतील. महिन्याला एक पुस्तक. निम्म्या जणी ते वाचून येतात, पाव जणी मागचा मजकूर वाचून आणि उरलेल्या चहाला. पण चर्चेत हे ओळखू येत नाही. सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ घेतलं होतं, तेव्हा पंधरा मिनिटांत सुनीताबाई आणि पु. ल. बाजूला पडले आणि प्रत्येकीने आपापलं मनोहर आणि आपापलं ‘तरी’ बाहेर काढलं. साडेपाच वाजून गेले तरी कुणी उठेना. भजन गटाला एवढी एकाग्रता कधी साधलेली नाही.

रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकाला तर दोन बैठका लागल्या. न्यायमूर्ती रानडे बायकोला शिकवतायत आणि घरातल्याच बायका तिला टोचून बोलतायत, हे वाचताना हॉलमध्ये बऱ्याच माना खाली गेल्या; टोचून घेतलेल्या आणि टोचलेल्या, दोन्ही प्रकारच्या. याच रमाबाईंच्या पुढाकाराने 1909 साली पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. त्याआधी 1882 मध्ये पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला होता. सेवासदनात शिवण, लिहिणं-वाचणं, पुढे शुश्रूषेचं शिक्षण सुरू झालं. माझं आपलं मत असं, की त्या काळी कित्येक घरांत ‘शिवण शिकायला जाते’ हे वाक्य सुईपेक्षा जास्त उपयोगी पडलं असेल. सासूबाईंना पुस्तक खपलं नसतं, झबलं खपलं.

पण या सगळ्यांची थोरली म्हणजे सावित्रीबाई फुल्यांचं महिला सेवा मंडळ. 1852 सालच्या संक्रांतीला त्यांनी पुण्यात तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला आणि निमंत्रणातच सांगून टाकलं, की कुठल्याही जातीच्या बायका येवोत, सगळ्यांना एकाच जाजमावर बसायचंय. तिळगुळाला नाही कोण म्हणणार? बाईंनी कारण गोड निवडलं आणि त्या आडून जाजम पसरलं. आमच्या मंडळात पाट, खुर्च्या आणि गुडघे यांवरून होणारे वाद पाहिले, की एका जाजमाची किंमत कळते.

आमचीही एक संक्रांत अशी झाली. हेरवाड गावाने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केल्याची बातमी सगळ्यांनी वाचली होती, फॉरवर्डही केली होती. पुढच्या हळदीकुंकवाला ‘सर्व भगिनींना’ निमंत्रण गेलं. सगळ्या आल्या. फक्त एक काकू तिळगूळ घेऊन नेहमीच्या सवयीने दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, चपलांच्या शेजारी. अध्यक्षबाई भाषणाच्या मोठ्या हौशी, पण त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. उठल्या, काकूंच्या हातात करंडा दिला आणि स्वतः कपाळ पुढे करून उभ्या राहिल्या. काकूंचा हात थरथरला, कुंकू थोडं नाकावर सांडलं. मग रांग लागली. दोघींना हे पटलं नाही, पुढच्या वर्षी त्या फिरकल्या नाहीत. त्यातली एक त्याच्या पुढच्या वर्षी परत आली. वाण म्हणून स्टीलचा डबा आहे, तोही झाकणाचा, असं तिला कळलं होतं. सुधारणेला डब्याचा हातभार लागला तर मला काही वावगं वाटत नाही.

पाककला गटाबद्दल एवढंच, की कमलाबाई ओगल्यांनी 1970 मध्ये ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप देऊन मराठी बायकांची सोय केली, पण वाटी कुणाच्या घरची, हा प्रश्न आमच्या मंडळात अजून सुटलेला नाही. योगासनांच्या गटाचं आवडतं आसन शवासन. भिशीचा गट वेळेवर भरतो आणि तिथे गैरहजेरी शून्य. खजिनदाराची निवडणूक मात्र दरवर्षी बिनविरोध होते, कारण उभंच कुणी राहत नाही.

सुनांच्या पिढीने आता शनिवार संध्याकाळचा गट काढलाय. त्याला त्यांनी नाव दिलेलं नाही. काय करता विचारलं तर म्हणाल्या, ‘काही नाही, नुसत्या भेटतो.’ आमच्यातल्या काही जणींना हे ऐकून धक्का बसला. नुसत्या? निदान एखादं स्तोत्र तरी? मला त्यांचा हेवा वाटला. कारण न सांगता बाहेर पडायला आपल्या बायकांना 1852 पासून हा शनिवार उजाडेपर्यंत थांबावं लागलं. अर्थात, त्यातल्या तिघी अलीकडे मंगळागौरीच्या तालमीलाही येतात, हे मी अध्यक्षबाईंना मुद्दाम सांगितलंय.

जाता जाता एक विनंती. आमच्या पेटीवाल्या ताई लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला गेल्यात आणि स्पर्धा आषाढीच्या आधी आहे. डोंबिवली किंवा ठाकुर्लीत कुणी पेटी वाजवणाऱ्या असतील, तर कृपया देवळामागच्या हॉलवर याव्या. पट्टी पांढरी पाच. चहा मंडळाचा. साडीचा रंग अजून ठरलेला नाही.