सायलेन्सरखालचे गृहस्थ

या गृहस्थांचा खरा जन्म गॅरेजात होतो, तोही पंचेचाळिशी-पन्नाशीत. जुन्या मारुती ८००च्या बॉनेटखालून ‘फट्‌फट्‌’ असा आवाज यायला लागलेला असतो. मेकॅनिक वाकून एक नजर टाकतो, फडक्याला हात पुसतो आणि म्हणतो, ‘साहेब, सगळी लाइन गेलीय. मॅनिफोल्डपासून मागपर्यंत बदलावी लागेल.’ गृहस्थ रक्कम विचारतात, ऐकतात आणि एक शब्द न बोलता गाडी घरी आणतात. रात्री शोध लागतो की गळती फक्त सांध्यातल्या गॅस्केटला आहे. गॅस्केट शे-दोनशे रुपयांचं. ते बदलायला दोन-तीन नट काढायचे. ‘नट काढायचे कोणी पैसे देतं का?’ असं ते बायकोला विचारतात. ती गप्प राहते. त्यांना तो होकार वाटतो.

पेशाने ते मेकॅनिक सोडून काहीही असतात. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, वीज मंडळात हिशेब पाहिलेले, गणिताचे मास्तर, हल्ली तर घरून काम करणारे सॉफ्टवेअरवालेही. आत्मविश्वास मात्र सगळ्यांचा एकाच कारखान्यातून आलेला असतो, आकुर्डीच्या. ज्या पिढीने बजाजची चेतक एका अंगावर कलती करून सुरू केली, पॉलिश पेपरने प्लग घासला आणि तेवढ्या भांडवलावर खंडाळ्याचा घाट चढला, तिला यंत्राची भीती अशी उरलेलीच नाही. प्लग हा वरचेवर काढायचा म्हणूनच बनवलेला असतो. सायलेन्सरचा नट एकदा बसला की त्याने तिथेच राहावं अशी सगळ्यांची इच्छा असते. हा फरक त्यांना कोणी सांगितलेला नसतो. सांगितला असता तरी त्यांनी तो मानला नसता.

आता नट जाम का होतो? कारण कळलं तर त्यांना वाईट वाटेल, कारण त्यात मोठा वाटा त्यांचा स्वतःचा आहे. त्यांनी गाडी फार जपली. १९८३च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० जानेवारी २०१४मध्ये बनायची थांबली, म्हणजे यातली सर्वांत तरुण गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेलेली. तिला दसऱ्याला झेंडूचा हार, पुढे लिंबू-मिरची, अंगावर कव्हर आणि आठवड्यातून एक फेरी: घर ते मंडई, मंडई ते घर. रसायनशास्त्र इथे आडवं येतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. गाडी दूरवर पळाली तर ते वाफ होऊन मागून निघून जातं. पण कोथिंबीर आणि दोन किलो कांदे आणण्याएवढ्या प्रवासात सायलेन्सर धड तापतही नाही. पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. पुढे गॅस्केट फुटलं की तोच ओलसर, आम्लाचा अंश असलेला धूर थेट नट-बोल्टांवर फुंकला जातो. नव्या बोल्टावरचा झिंकचा मुलामा तिथल्या उष्णतेने आधीच जळालेला असतो. वरून चार महिने पाऊस. रत्नागिरी-मालवणकडे, किंवा आपल्या दहिसर-विरारला, खारी हवाही असते, मग तर बघायलाच नको.

लोखंड गंजलं की झिजतं असा समज आहे, पण आट्यांमध्ये नेमकं उलट घडतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांतली फट केसाहून बारीक. तिथे गंज फुगला की तो पाचरीचं काम करतो. अशा नटाला कोणी घट्ट आवळलेलं नसतं. तो आपला आपण आवळला गेलेला असतो, वर्षानुवर्षं, मंडईच्या प्रत्येक फेरीगणिक थोडा थोडा.

मोहिमेची सुरुवात खरेदीने होते, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर या गृहस्थांचा सगळ्यात सुखाचा काळ हाच. पुण्याचे असतील तर नाना पेठेत गॅस्केट आणि रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पाने. मुंबईचे असतील तर नागदेवी स्ट्रीट. नाशिकच्या सातपूरमधला टपारियाचा पाना हातात घेऊन त्याचं वजन जोखण्यात त्यांची अर्धी दुपार जाते. दुकानदार ‘काय काम आहे?’ विचारतो, तेव्हा ते ‘एक्झॉस्टचं’ असं म्हणतात. सायलेन्सर हा शब्द त्यांनी आता सोडून दिलेला असतो.

घरी आल्यावर कळतं की पाना १३चा आणला. सुझुकी जपानी, तिच्या आठ मिलिमीटरच्या बोल्टाला डोकं १२चं असतं. युरोपीय वळणाच्या गाड्यांना त्याच बोल्टावर १३चं. एका मिलिमीटरचा प्रश्न. दुकान दूर, रविवार हातातून चाललेला, आणि गंजाचा थर धरून १३चा पाना चक्क बसल्यासारखाही वाटतो. तो बसलेला नसतो. पहिल्याच झटक्याला नटाचे कोपरे गोल होतात, बोटांची सालं निघतात आणि गाडीखालून काही शब्द बाहेर येतात, जे ऐकून खेळायला आलेल्या मुलांना त्यांच्या आया वर बोलावतात. मग गोटीचा, म्हणजे सॉकेट-पान्यांचा, सेट येतो. तो बाराकोनी असतो, कारण दुकानात तोच दिसायला भारी होता. जाम नटाला सहाकोनी गोटी लागते. ती नटाच्या सपाट बाजूंना धरते, तर बाराकोनी फक्त कोपऱ्यांना. आणि कोपरे तर गेलेलेच.

यानंतर डब्ल्यूडी-४०. हे गृहस्थ निळ्या-पिवळ्या डब्याविषयी सोसायटीच्या वॉचमनला जी माहिती देतात ती सगळी खरी असते, हे कबूल केलं पाहिजे. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत हे द्रव तयार झालं. पाणी हटवणारं मिश्रण चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून चाळीस. ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून ते वापरलं गेलं. यात ‘जाम नट सोडवणे’ कुठेच नाही, हे ज्याचं त्याने ताडायचं. त्याच कंपनीला पुढे अडकलेल्या नटांसाठी पेनेट्रंट म्हणून वेगळं द्रव काढावं लागलं. पण मुद्दा डब्याचा नाहीच. कोणतंही तेल आट्यांत केशाकर्षणाने शिरतं, आणि त्याला वेळ लागतो. रात्रभर मुरू द्यावं, सकाळी हातोडीने हलके ठोके द्यावेत, पुन्हा सोडावं. आमचे गृहस्थ फवारतात आणि घड्याळाकडे बघतात. पाच मिनिटं. चहा झाला की लगेच पान्याला हात.

एव्हाना सल्लागार मंडळ जमलेलं असतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका ‘अहो, रॉकेल ओता’ म्हणतात. रॉकेल आता मिळतं कुठे, हे ते सांगत नाहीत. एक जण कोका-कोला सुचवतो. त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं ही गोष्ट खरी, पण ते इतकं सौम्य की नट सुटेपर्यंत गाडीचा विमा संपेल. कॉलेजातला मुलगा ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरच्या तेलाचं मिश्रण सांगतो. हा नुस्खा जगभर नावाजलेला आहे, आणि त्यामुळे घरातली नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली नाहीशी होते. ॲसिटोन भडकन पेट घेतो, त्यामुळे तो लावलेल्या जागी आगीचा प्रयोग करायचा नसतो, हे मुलगा सांगायला विसरतो. सोसायटीचे सेक्रेटरी येतात ते एकच वाक्य बोलायला: ‘पार्किंगमध्ये ऑइल सांडू देऊ नका.’

मग निघतो मोहिमेतला सर्वांत तात्त्विक वाद, की नट फिरवायचा कोणत्या बाजूला. उभ्याने सगळ्यांना पाठ असतं: घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवलं की सुटतो. पण माणूस पाठीवर, तोंडावर गंजाची भुकटी, पाना अंदाजाने लावलेला, आणि नट पलीकडे तोंड करून बसलेला. अशा वेळी घड्याळ कुठून बघायचं? बरेचदा गृहस्थ पहिला अर्धा तास नट मन लावून आवळत असतात. गंमत अशी की यात थोडं शहाणपणही आहे. जाणते मिस्त्री जाम नट आधी किंचित आवळतात, म्हणजे गंजाची पकड तडकते, आणि मग सोडतात. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. फरक इतकाच की ते हे जाणूनबुजून करतात आणि ‘किंचित’वर थांबतात.

थांबणं या गृहस्थांच्या स्वभावात नाही. ते पलंगाचा किंवा नळाचा मीटरभर पाइप आणतात आणि पान्याच्या दांड्यावर चढवतात. आता यातलं गणित सोपं आहे, आणि गणिताचे मास्तर असलेल्या गृहस्थांनीही ते केलेलं नसतं. आठ मिलिमीटरचा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. मीटरभर पाइपाच्या टोकाला वीस किलोचा जोर दिला की बोल्टावर जवळपास २०० न्यूटन-मीटर येतात. नट सुटला नाही तर बोल्टाला दुसरा मार्गच उरत नाही. तो तुटण्याआधी इशारा देतो: हाताला रबर पिळल्यासारखं मऊ लागतं. मुरलेला मिस्त्री त्या क्षणी पाना सोडतो. गृहस्थांना वाटतं, आला, आला! ‘कट्ट’ असा आवाज होतो, वर उभे असलेले सगळे टाळ्या वाजवतात, आणि गाडीखालून बराच वेळ काहीच ऐकू येत नाही.

बोल्ट तुटल्यावर पुढचा अध्याय लांबत जातो, तो थोडक्यात सांगितलेला बरा. उरलेल्या तुकड्यात ड्रिल मारायचं, भोकात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालून तुकडा बाहेर ओढायचा. एक्स्ट्रॅक्टर फार कडक पोलादाचा, म्हणून ठिसूळ. तोही आत मोडला की आता ड्रिलही लागत नाही. याच सुमारास रागाच्या भरात हातोडी पाइपवर पडते. १ एप्रिल १९९५पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना याच पाइपमध्ये बसणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच्या पोटात चिनी मातीसारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप. ती जाळी तडकली की शे-दोनशेच्या गॅस्केटची गोष्टच कोणी काढत नाही.

सोमवारी गाडी गॅरेजकडे निघते, सांधा अर्धा सुटलेल्या अवस्थेत. मारुती ८००ला तीन सिलिंडर असतात हे त्या सकाळी अख्ख्या गल्लीला कळतं. (खिडक्या उघड्या ठेवाव्यात, एवढं गांभीर्याने सांगतो. गळतीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो.) मेकॅनिक काही विचारत नाही, हा त्याचा मोठेपणा. तो गॅस पेटवतो, उरलेल्या नटावर ज्योत धरतो, नट लालभडक होतो. पाचशे अंश तापमान वाढलं तरी आठ मिलिमीटरचं भोक फुगतं ते जेमतेम मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं. पण आतला बोल्ट अजून थंड असतो आणि गंजाची पकड तडकायला तेवढं पुरतं. मग तो नटाला मेणबत्ती टेकवतो, मेण वितळून आट्यांत शोषलं जातं, आणि पाना लावताच नट गपगुमान फिरतो. गृहस्थ बाजूला उभे राहून बघतात. मग म्हणतात, ‘मी सैल करून ठेवला होता, म्हणून सुटला.’

आणि हे वाक्य ते मनापासून बोलतात. त्या संध्याकाळी जमाखर्च मांडला जातो: गॅस्केट, दोन पाने, गोटीचा सेट, डबे, एक्स्ट्रॅक्टर, गॅरेजचं बिल. बेरीज सगळी लाइन बदलण्याच्या मूळ रकमेपुढे जाते. पण हत्यारं घरात राहिली, आणि हत्यारांना ते खर्च मानत नाहीत, गुंतवणूक मानतात. शेजाऱ्यांच्या गाडीचा आवाज आता ते कान टवकारून ऐकतात.

यांच्यातली एक दुर्मीळ जातही आहे, तिचाही उल्लेख न्यायाने करायला हवा. हा माणूस बहुधा कोकणातला, आणि रविवारच्या कामाला बुधवारी लागतो. रोज संध्याकाळी आट्यांवर थेंबभर तेल, तारेच्या ब्रशने साफसफाई, दोन हलके ठोके, आणि बस्स. १२ची सहाकोनी गोटी त्याच्याकडे आधीपासून असते. नट तरीही ऐकला नाही तर तो त्याच्याशी भांडत नाही. छिन्नीने नटाची एक बाजू फोडतो, कारण नट पाच रुपयांचा आणि बोल्ट मॅनिफोल्डमध्ये बसलेला. नवे नट तांब्याचा मुलामा दिलेले घेतो, आट्यांना अँटी-सीझ लावतो, म्हणजे पुढच्या खेपेला हाताने सुटतील. अशा माणसावर विनोदी लेख लिहिता येत नाही, म्हणून त्याला इथेच सोडतो.

वाचकहो, तुमच्या सोसायटीतही असे गृहस्थ असतीलच. त्यांना नटाबद्दल काही सांगायला जाऊ नका, ते ऐकणार नाहीत. फक्त गाडी नुसत्या जॅकवर उभी आहे की खाली टेकूच्या घोड्याही लावल्या आहेत, तेवढं वाकून बघा. घोड्या नसतील तर चहा झालाय असं सांगून आधी त्यांना बाहेर काढा.