तालुक्याचा रामसे

लग्नाचं शूटिंग करणारा माणूस चाळिशीच्या आसपास भुताच्या सिनेमाकडे वळतो. आर्वीत वळतो, हिंगणघाटात वळतो, समुद्रपुरातही वळतो. दोष पंचांगाचा. पौषात मुहूर्त नसतात, पण कॅमेऱ्याचा हप्ता पौषातही असतो. ड्रोन कपाटात पडलेला, हाताखालची पोट्टी स्टुडिओच्या पायरीवर मोबाइल पाहत बसलेली आणि बाहेर कडाक्याची थंडी. प्रेमाचा सिनेमा काढावा तर गाणी लागतात आणि हिरॉइनच्या वडिलांची परवानगी लागते. ऐतिहासिकला घोडे लागतात. भुताला काय लागतं? एक पडका वाडा, एक रात्र आणि एक पांढरं लुगडं. त्यातली रात्र तर फुकट.

या माणसाला आपण भाऊ म्हणू. वर्धा जिल्ह्यात कोणालाही भाऊ म्हटलं तरी चालतं. भाऊंच्या पाटीवर आधी ‘फोटो, व्हिडिओ, ड्रोन, प्री-वेडिंग’ एवढंच होतं. आता शेवटी ‘चित्रपट निर्मिती’ आलं आहे. पेंटरनं जुना रंग न खरवडल्यामुळे त्याच्याखालून ‘झेरॉक्स’ अजून वाचता येतं.

भाऊंचा देव म्हणजे भुताचे सिनेमे काढणारे रामसे बंधू. एक नव्हे, सात. ही कथा ते पोथीसारखी सांगतात आणि मध्ये उठू देत नाहीत. कराचीत रेडिओचं दुकान चालवता चालवता रामसिंघानींचे रामसे झाले आणि फाळणीनंतर ते मुंबईत आले. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला. सिनेमा पडला, पण पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करायला येतात त्या प्रसंगाला थिएटरात लोक दचकत होते. पोरांनी ते हेरलं. दोनच वर्षांनी ‘दो गज जमीन के नीचे’ आला. महाबळेश्वरचं विश्रामगृह, चाळीस दिवस, साडेतीन लाख रुपये. दोघं भाऊ दिग्दर्शनाला, एक कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक संकलनाला, एक लिहायला आणि घरच्या बायका स्वयंपाकाला. इथे भाऊ थांबतात. पोथीतला हा त्यांचा लाडका अध्याय आहे. सगळे त्यातली हिंमत पाहतात. भाऊ त्यातला वाचलेला हॉटेलखर्च पाहतात.

तेव्हा युनिट घरचंच. वहिनींचं ब्यूटी पार्लर, म्हणून मेकअप घरचा. लाइट साळ्याकडे. कथा, पटकथा, संवाद भाऊंचे. राहता राहिला वाडा.

आमच्या जिल्ह्यात पाहुण्यांना दाखवायचं घर म्हणजे सेवाग्रामची बापूकुटी. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, बसक्या खोल्या. त्या घरात भुताला लपायला कोपरा नाही, आणि तिथली मंडळी उठणार भुताच्या वेळेला, प्रार्थनेसाठी. असलं घर भयपटाच्या कामाचं नाही. म्हणून भाऊ गेले बोरच्या जंगलाच्या बाजूच्या एका गावात, मालगुजाराच्या वाड्यावर. सागवानी खांब, आत चौक, वर माडी, देवळीत पारव्यांची विष्ठा. दाराला हात लावला की दार स्वतःच किंचाळतं. भाऊंना गहिवरून आलं. म्हणाले, आवाजाचे पैसेही वाचले.

वाचले नाहीत. मालगुजारी १९५१ साली गेली, पण मालगुजाराचे वारस गेले नाहीत. ते वाढले. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नावांची रांग लागलेली. एक नागपुरात, एक पुण्यात, एक गावातच शेजारच्या सिमेंटच्या घरात, बाकीचे सासरी गेलेल्या बहिणींच्या रूपानं जिल्हाभर. वाटण्या तोंडी झालेल्या, दावा लेखी चालू. भाऊंनी परवानगी मागितली तेव्हा प्रत्येकानं मोठ्या मनानं दिली, पण आपल्यापुरती. माजघर मिळालं. देवघर मिळालं. विहीर मिळाली. जिना पुण्याच्या वाट्याचा निघाला, आणि पुण्यानं कळवलं की जिन्याबद्दल नंतर बोलू.

आता जिन्याशिवाय भुताचा सिनेमा होतो का? कंदील घेऊन हिरॉइन जिना चढते, वरून पैंजण वाजतं, तिथूनच सगळं सुरू होतं. भाऊंनी एका रात्रीत पटकथा फिरवली. आता भूत तळमजल्यावरच राहतं. कारण काय, तर त्याला जिवंतपणी गुडघेदुखी होती. हे वाक्य सिनेमात आहे. वाड्याचा म्हातारा गडी ते गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, आणि त्या गड्याच्या जागी साक्षात दिलीप प्रभावळकर असते तरी ते वाचलं नसतं.

याच गड्याचं आणखी एक प्रकरण. जुन्या वाड्याचा रखवालदार पिऊन पडलेला असावा असा सिनेमाचा शिरस्ता. पण जिल्ह्यात पन्नास वर्षांपासून दारूबंदी! भाऊ कायद्याला मानणारे. शिवाय सिनेमातली बाटली पाहून लोक भुताचं सोडून ‘कुठून आणली’ हेच विचारत बसतील, हेही त्यांना ठाऊक. म्हणून रखवालदार खर्रा घोटतो. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना आणि दोन्ही तळव्यांची घासाघास. माइक त्याच्या छातीशी लावलेला. पूर्ण सिनेमात सगळ्यात स्पष्ट ऐकू येणारा आवाज तो आहे. भुताचे पैंजण त्याच्या मागे कुठंतरी वाजत असतात म्हणे.

भूत शोधतानाही भाऊंनी पोथी सोडली नाही. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मधला सामरी, म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, मुळात रुरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. मग आपलं भूतही तांत्रिक क्षेत्रातलंच हवं. तालुक्यात सगळ्यात उंच माणूस म्हणजे वायरमन. तो तयार झाला. त्याला एकच अट होती: फोन चालू ठेवीन.

आणि इथं भाऊंचं गणित सपशेल चुकलं. त्यांना वाटलं होतं पौषातली रात्र म्हणजे निर्जन. त्यांनी शेवटची रात्र पाहिली असेल बालपणी. हरभरा-गव्हाच्या दिवसांत शेताला थ्री फेज लाइन मिळते रात्री, म्हणजे निम्मं गाव रात्री वावरात. उरलेलं निम्मं जागलीवर, रानडुकरांना हाकलायला. रात्री दोन वाजता मालगुजाराच्या वाड्यासमोर जेवढी वर्दळ असते तेवढी दुपारी दोनला नसते. भाऊंनी ‘ॲक्शन’ म्हणावं, धूर सोडावा, हिरॉइननं दार ढकलावं आणि चौकटीत बॅटरी घेऊन कोणीतरी उभं.

“काय सुरू आहे जी?”

“भुताचं शूटिंग आहे, काका. जरा बाजूले व्हा.”

“भुताचं होय? मले वाटलं वाघ निघाला. नाल्याकडं पंजे दिसले म्हणून रायले लोकं. आटपा लवकर अन् घरी जा.”

हे ऐकून युनिट खरोखर भ्यालं. लाइट धरणारा साळा वाड्यात घुसला तो सकाळपर्यंत बाहेर आला नाही. बोरचं अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. त्या बाजूच्या माणसाला अंधारात कशाला भ्यायचं हे नीट माहीत आहे. त्याच्यासमोर पांढरं लुगडं नेसून उभं राहणं म्हणजे त्याच्या अनुभवाचा अपमान. मला तर वाटतं, आमच्याकडचे भयपट पडतात ते पैसे कमी म्हणून नाही. गावात भीतीची जागा आधीच भरलेली असते, भुताला उभं राहायला वाव नाही.

त्यात वायरमनला फोन यायचे. चेहऱ्याला राख, दाताला नेलपेंटचं रक्त, अंगावर काळं घोंगडं अशा थाटात तो विहिरीतून वर येतोय, आणि खिशातून हरिपाठाची रिंगटोन. खाली कुठंतरी फेज गेलेला. भूत तसंच मोटारसायकलवर बसून जायचं, खांबावरचा डीओ फ्यूज टाकून परत यायचं. ज्या वस्तीवर तो त्या वेषात खांबावर चढला तिथं म्हणे कोणी दचकलं नाही. लाइन आली यातच सगळे खूश.

भाऊंची दिग्दर्शनशैली मी जवळून पाहिली आहे आणि ती मला मनापासून आवडते. वीस वर्षं नवरा-नवरी उभे केलेल्या माणसाचा हात असा सहज बदलत नाही. भूत चौकटीत आलं की भाऊ कॅमेऱ्यामागून म्हणतात, “मान थोडी तिरपी. हां. खांदे सैल. इकडं पाहा, माह्याकडं. अन् हलकीशी स्माइल.” भुतानं स्माइल दिली आहे. हडळीच्या हातावर कोपरापर्यंत मेंदी आहे, कारण वहिनींना ‘ब्रायडल’शिवाय दुसरा मेकअप मनाला पटत नाही. संकलनाचं सॉफ्टवेअर लग्नाचंच. म्हणून हिरोचा गळा दाबला जातो आणि दृश्य बदलताना पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळतात. हिरॉइनला भूत पहिल्यांदा दिसतं ते बदामाच्या आकारात. वाड्यावरून ड्रोन फिरतो त्या दृश्यात खाली कोपऱ्यात कोणाच्या तरी हळदीचा मांडव आहे.

थिएटर काही मिळालं नाही. मुंबईत शो लावायला ओळख लागते आणि इथली एकपडदा थिएटरं कधीच बंद पडली. मग ज्या मंगल कार्यालयात भाऊ वर्षभर राबतात त्यांनीच हॉल दिला. स्टेजवर जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथं पडदा. पाहुण्यांना दाराशी गुलाबपाणी, सवयीनं. मध्यंतरात पोहे-तर्री. नारळ भाऊंनी फोडला.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत भीतीचा निकाल लागला. भुताच्या सिनेमाला घर अनोळखी लागतं. रामसेंचा वाडा कुठला हे पाहणाऱ्याला माहीत नव्हतं. हा वाडा हॉलमधल्या निम्म्या लोकांनी आतून-बाहेरून पाहिलेला. “इथंच आपल्या आजीनं वाळवणं घातली होती ना?” “विहिरीचा कठडा अजून आहे तं!” हडळ मागून येतेय, संगीत चढतंय, आणि मधल्या ओळीतून आवाज: “हे तं पार्लरवाल्या वहिनी. वहिनी, मेंदी कुठली हो?” वहिनींनी तिथूनच सांगितलं. नंतर विहिरीतून भूत निघालं. राखेतले डोळे वटारले. शांतता. वाटलं, जमलं. तेवढ्यात मागे एक शेतकरी उभा राहिला.

“अबे, हा तं आपला वायरमन होय! भाऊ, आमची डीपी जळून पंधरा दिवस झाले, अन् तुम्ही इथं विहिरीत काय करून रायले?”

पडद्यावरच्या भुताला उत्तर देता येईना, म्हणून हॉलमधल्या भुतानं उठून दिलं. त्यात दहा मिनिटं गेली. तोवर हिरो मेला.

भाऊ मात्र पडद्याकडे पाहत नव्हते. ते स्टेजच्या कडेला पडद्याकडे पाठ करून लोकांचे चेहरे पाहत होते, अक्षता पडताना नवरीच्या आईचा चेहरा टिपायला जसे उभे राहतात तसे. हसण्याचा दुसरा लोंढा आला तेव्हाच त्यांनी हाताखालच्या पोट्ट्याला कानात सांगितलं, “उद्या पोस्टरवर ‘हॉरर कॉमेडी’ टाक.” माणूस व्यवहारी. ‘पछाडलेला’ २००४ सालीच हसवून गेला होता. २०१८ च्या ‘स्त्री’नंतर तर हसू आलेल्या प्रत्येक भयपटाला हा दरवाजा उघडा झाला. २०२४ मध्ये ‘मुंज्या’नं शंभर कोटींच्या वर धंदा केला त्याचं भाऊंना जरा दुःख आहे. पिंपळ आपले, मुंजे आपले, आपल्या आज्यांनी फुकट सांगितलेल्या गोष्टी. आणि पैसे भलत्यानेच मोजले. ‘तुंबाड’चं नाव ते वेगळ्या कामासाठी काढायचे. कोणी विचारलं, सिनेमा कधी पुरा होणार, की म्हणायचे, तुंबाडला सहा वर्षं लागली.

शेवटची पंधरा मिनिटं उरली होती. लोक चपला शोधू लागले होते. हिरॉइन माजघरातून मागच्या दाराकडे पळते, कॅमेरा तिच्यामागे धावतो, आणि क्षणभर चौकाची मागची बाजू दिसते. तेवढ्यात दुसऱ्या ओळीतून किंकाळी आली.

खरी किंकाळी. अंगावर काटा आणणारी. सगळे गप्प.

नागपूरचे वारस उभे होते. हात पडद्याकडे. “मागं घ्या! मागं घ्या ते! आमचा दरवाजा कुठं गेला?”

पोट्ट्यानं मागं घेतलं. थांबवलं. चौकाच्या मागच्या भिंतीत, जिथं सागवानी, पितळी फुलांचा, मालगुजाराच्या वेळचा दुपाखी दरवाजा होता, तिथं विटा रचलेल्या. बाजूचे दोन खांबही गायब; वर तुळईला लोखंडी पाइपचा टेकू. हॉलमध्ये एक माणूस पांढराफटक पडला होता. तो शेजारच्या सिमेंटच्या घरात राहणारा वारस होता. अख्ख्या सिनेमात त्याच्याइतका घाबरलेला माणूस भाऊंना कॅमेऱ्यासमोर एकदाही मिळाला नव्हता, आणि आता मिळाला तर कॅमेरा बॅगेत.

पुढचं हॉलच्या बाहेर झालं, मांडवाच्या भाषेत. एका बहिणीनं जेवायलाही थांबायला नकार दिला. पुण्याला तिथूनच व्हिडिओ कॉल लागला. पुण्यानं आधी दरवाज्याबद्दल आरडाओरडा केला, मग विचारलं, माझा जिना तरी दिसतो का. दिसत नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. दुसऱ्या भागाला जिना मिळणार, असा शब्द त्यांनी भाऊंना त्याच फोनवर दिला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओबाहेर नवा फ्लेक्स लागला. ‘हॉरर कॉमेडी’ रद्द. त्या जागी लाल अक्षरांत: ‘प्रीमियरला प्रेक्षक किंचाळला! कमजोर काळजाच्यांनी येऊ नये.’ दुपारी नागपूरच्या वारसांचे वकील आले. चौकाचं ते दृश्य दाव्यात दाखल करायचं होतं, तारीख-वेळेसकट, पेनड्राइव्हमध्ये. भाऊंनी चहा मागवला आणि त्यांच्यासमोर रेटकार्ड सरकवलं: साधा अल्बम, करिझ्मा अल्बम, ड्रोनसह.